टोपलीतलं पाचवं लेकरू

चिंचखेडीत लेकरू जन्मलं की आधी त्याला टोपलीत निजवतात आणि मगच त्याचं नाव ठेवतात. बीबी गावच्या बाजाराला येणाऱ्या सगळ्या गावांना ही रीत ठाऊक आहे, आणि त्यावरून चिंचखेडीकरांना चिडवायची रीतही तितकीच जुनी आहे. "काय बे टोपलीतल्या!" म्हटलं की चिंचखेडीचा माणूस कधी हसतो, कधी शिवी घालतो. पण बाराव्या दिवशी नवी कोरी टोपली आणि बाळ घेऊन ओढ्याकाठच्या निंबाखाली जायचं मात्र कोणी चुकवत नाही.

निंबाखाली शेंदराचा तांदळा, म्हणजे नाकडोळे नसलेला दगड, आहे आणि त्याच्या मागच्या भिंतीवर टोपलीमायची तसबीर. पाठीत वाकलेली, हिरव्या वस्त्रातली, मोकळ्या पांढऱ्या केसांची बाई. नाक लांब, हनुवटी पुढं आलेली. पाठीला बांधलेली भलीमोठी टोपली आणि तिच्या काठावरून डोकावणारी चार लेकरं. तिघांच्या हातात खुळखुळे. चौथं सगळ्यात लहान, त्याच्या हातात काही नाही, ते नुसतं टोपलीचा काठ चावतंय. खाली कोपऱ्यात एक चिमणी. माय देखणी नाही हे गावाला मान्य होतं. "दिवसभर लेकरं वाहनाऱ्या बाईनं येनीफनी कवा करावं?" असं बायका म्हणत, आणि त्यावर कोणाला बोलता येत नसे.

ही तसबीर आली कशी, ते मंदिर समितीचे अध्यक्ष भाऊराव पाहुण्यांना हौसेनं सांगत. त्यांच्या वडिलांच्या काळात मायला नुसता दगड होता. चार पंच मेहकरला इंद्रभान फ्रेमवाल्याकडे गेले आणि म्हणाले, आमच्या मायचा फोटो द्या. इंद्रभाननं विचारलं, तुमची माय दिसते कशी? पंच एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले. शेवटी एकजण म्हणाला, "दिसाचं मालूम नाही बाप्पा, पन ते लेकरं सांभाळते." इंद्रभाननं कुठल्याशा साहेबाच्या बंगल्याच्या लिलावातून आणलेल्या रद्दीच्या गठ्ठ्यात हात घातला आणि ही बाई काढली. चौकटीत मावेना म्हणून डावीकडचा भाग कापला, कपाळावर लाल टिकली चिकटवली, खालच्या कडेला जरीची पट्टी लावली आणि काच बसवली. पुढं फोटोवाल्यानं तिच्या प्रती काढल्या आणि घरोघरी भिंतीवर माय आली.

अनुपमा ही या भाऊरावांची सून, माहेर मेहकरचं. बीबीच्या शाळेत चित्रकला शिकवायची. देवाधर्माचं तिला फार वेड नव्हतं. पण स्वतःची छकुली बाराव्या दिवशी टोपलीत निजवली तेव्हा तिचे डोळे भरून आले होते, हेही खरं.

आणि तानाबाई. तानाबाई अनुपमाची सासू. तिचं पहिलं लेकरू, बबन, अकरा महिन्यांचं होऊन हगवणीनं गेलं. चिंचखेडीत लेकरू गेलं की 'गेलं' म्हणत नाहीत. "मायनं टोपलीत घेतलं," म्हणतात. तानाबाईनं ते शब्दशः धरलं होतं. काठ चावणारं ते चौथं लेकरू म्हणजे तिचा बबन. त्याचेही दात येत होते आणि तोही हाती लागेल ते चावायचा. चाळीस वर्षं झाली, पाठचा ज्ञानेश्वर, अनुपमाचा नवरा, बाप झाला, तरी रोज सकाळी ती पदरानं घरच्या तसबिरीची काच पुसायची, आणि सगळ्यात आधी तो कोपरा. बाकी बाई तोंडाची तिखट, कोणाला ऐकून घेणारी नाही. फक्त घरात एखाद्या लेकराला पाणी दोनदा मागावं लागलं की तिचा जीव कासावीस व्हायचा. हातातलं पीठ तसंच घेऊन ती माठाकडे धावायची.

त्या हिवाळ्यात गावात दोन गोष्टी एकदमच चालल्या होत्या. भाऊरावांच्या समितीनं वर्गणी काढून जयपूरला मायची संगमरवरी मूर्ती घडवायला दिली होती. आणि अनुपमानं पुण्याच्या एका संस्थेचा, लहान मुलांच्या पुस्तकातल्या चित्रांचा ऑनलाइन अभ्यासक्रम धरला होता. त्यात प्रत्येकाला जुन्या काळचा एक चित्रकार वाटून दिला होता. अनुपमाच्या वाट्याला आली हॅरिएट ब्रॅनली, राणी व्हिक्टोरियाच्या काळातली लंडनची बाई.

पहिल्यांदा अनुपमाचं तोंड वाकडं झालं होतं. कोण कुठली हॅरिएट! पण वाचत गेली तशी ती गुंतली. हॅरिएटच्या बापाचा लाकडी ठशांवर चित्रं कोरायचा छापखाना होता. छापलेल्या चित्रांत रंग भरायला लांबलचक टेबलाशी पोरी बसायच्या, प्रत्येकीकडे एकच रंग. नऊ वर्षांची हॅरिएट लाल रंगावर होती. दिवसभर चित्रातल्या मुलांचे गाल आणि जोडे लाल करायचे, एवढंच तिचं काम. ती बारा वर्षांची असताना घरात लाल तापाची साथ शिरली आणि एका थंडीत तिची चारही धाकटी भावंडं गेली. तेव्हाच्या डॉक्टरांचा हुकूम होता की तापात पोट रिकामं ठेवा. ती भावंडं शेवटपर्यंत खायला मागत होती आणि उशाशी बसलेल्या हॅरिएटला काही द्यायची परवानगी नव्हती. हे वाचून अनुपमा उठली आणि उगाच छकुलीला विचारून आली, भूक लागली का म्हणून.

पुढं हॅरिएटनं नाव काढलं. अक्षरांची पुस्तकं, चहा पिणाऱ्या मांजरी, वाऱ्यात उडालेल्या टोप्यांमागे धावणारी मुलं. सहीच्या जागी ती एक चिमणी काढायची. अनुपमाला गंमत वाटली, आमच्या मायजवळही चिमणी आहेच की. तिच्या चित्रांची पुस्तकं नाताळात हातोहात खपायची. आणि मग ऐन भरात, एका चित्रापायी, तिचं काम बंद पडलं. एका पाद्रीबुवानं हट्टी मुलांना धाक बसावा म्हणून कवितांचं पुस्तक लिहिलं होतं, त्यातलं ते चित्र. बुवांचं म्हणणं, बाईनं माझ्या कवितेचा सत्यानाश केला, मुलं भ्यायचीच बंद झाली. बदलून द्या म्हटलं तर तिनं ऐकलं नाही. पाद्र्याशी वाकडं आणि प्रकाशकाशी सरळ, असं काही होत नाही. सगळ्यांनी तिला टाकलं. उरलेलं आयुष्य ती बिस्किटांच्या डब्यांवर आणि बियाण्यांच्या पाकिटांवर फुलं रंगवत राहिली आणि भाड्याच्या खोलीत एकटीच मेली.

असं होतं तरी काय त्या चित्रात? ती वाचत होती त्या लेखात ते छापलेलं नव्हतं. अनुपमानं एका परदेशी संग्रहालयाच्या साइटवर शोधलं. दुपारची वेळ होती, दाराशी तानाबाई तुरी पाखडत होती. चित्र वरून खाली हळूहळू उघडत आलं. आधी पांढरे केस, मग लांब नाक, मग टोपली.



अनुपमानं भिंतीवरच्या तसबिरीकडे पाहिलं, पुन्हा लॅपटॉपकडे पाहिलं. तीच बाई. तीच चार लेकरं, तीच चिमणी. फक्त कपाळावर टिकली नाही, आणि इंद्रभाननं कापलेली डावी बाजू इथं शाबूत होती. त्या बाजूला चूल पेटलेली आणि चुलीवर वाफाळणारं मोठं पातेलं. बाई त्या पातेल्याकडेच चालली होती. खाली पाद्रीबुवांची कविता. हट्टी, किरकिरी मुलं म्हातारी टोपलीत भरते, घरी नेते, उकळत्या पाण्यात सोडते आणि हाडंसुद्धा ठेवत नाही.

अनुपमानं लॅपटॉप फाडकन मिटला. तिला आठवली ती टोपलीत निजवलेली छकुली. सबंध गाव पिढ्यान्‌पिढ्या आपली तान्ही लेकरं एका लेकरं खाणाऱ्या हडळीच्या पुढ्यात नेऊन ठेवत होतं, आणि वर साखर वाटत होतं. आणि त्याहून भयंकर म्हणजे दाराशी बसलेली ही बाई. तिचा बबन चाळीस वर्षं कोणाच्या टोपलीत बसला होता?

"काय झालं वं? साप पाह्यला का?" तानाबाईनं सूप थांबवून विचारलं.

"काही नाही, आई. डोकं दुखतंय."

"त्या डब्यात डोये घालून बसशीन तं दुखनच. चहा घे."

ज्ञानेश्वर शेतातून आला तेव्हा तिनं त्याला आतल्या खोलीत नेऊन सगळं दाखवलं. तो बराच वेळ उभ्यानंच बघत राहिला. मग खाटेवर बसला. हरभऱ्यात दिवसभर पाणी धरून आलेला माणूस, चिखलाच्या पायानं घरात येऊ नये हेही त्याच्या ध्यानात राहिलं नाही.

"हे खरं हाये?"

"हो."

"आईले सांगू नको," तो म्हणाला. "लेकरू एक डाव मेलं तं तिनं सोसलं. दुसऱ्या डावानं मारू नको त्याले."

अनुपमानं मान हलवली. शिकलेल्या माणसानं खरं तेच बोलावं, असं ती वर्गात पोरांना सांगत असे. आता तिला त्या खरेपणाचीच किळस आली होती. संस्थेला तिनं कळवून टाकलं की मला दुसरा चित्रकार द्या. पण रोज सकाळी सासू पदरानं काच पुसायला लागली की ती घरातून उठून बाहेर जायची.

पातेलं तर इंद्रभाननं केव्हाच कापून टाकलं होतं. गावाला ते कधी दिसणार नव्हतं. एवढ्या एकाच गोष्टीवर अनुपमाची झोप टिकून होती.

मूर्ती आली ती भल्या सकाळी. ट्रक वेशीपासून वाजतगाजत ओढ्यापर्यंत आला. निंबाखाली मांडव पडला होता, भोंगे बांधले होते, बीबीहून भटजी आले होते. पेंढ्यात बांधलेली लाकडी पेटी आठ-दहा जणांनी ओट्यावर उतरवली. तानाबाई नवं लुगडं नेसून सगळ्यात पुढं बसली होती, छकुलीला मांडीवर घेऊन. फळ्या निघाल्या, पेंढा निघाला, भाऊरावांनी कापड ओढलं आणि "टोपलीमायकी..." अशी आरोळी दिली. "जय" मात्र अर्धाच उमटला.

माय होती. टोपली होती, लेकरं होती, अगदी चिमणीही होती. पण मायच्या पुढं, तिच्या कमरेइतक्या उंच चुलीवर, संगमरवराचं भलंमोठं पातेलं होतं. कारागिरानं जाळाला केशरी रंगही दिला होता.

अनुपमानं ज्ञानेश्वरकडे पाहिलं. तो पांढराफटक पडला होता.

"हे गंज कोठून आलं?" भाऊरावांनी विचारलं. विदर्भात पातेल्याला गंज म्हणतात. "आपल्या फोटोत कुठी व्हतं गंज?"

समितीतला कुलदीप पुढं झाला. हा भाऊरावांचा पुतण्या, फोनमधलं त्याला सगळं कळतं असं त्याला वाटायचं. "मोठेबाबा, आपला फोटो लई पुसट व्हता. कारागीर म्हने साफ फोटो द्या. मी फोनवर टाकून पाह्यला तं मायचा फोटो थेट विलायतच्या साइटवर निंघाला! साफ, पूर्ण. तोच धाडला. आपल्या जुन्या फोटोत गंज कटलं व्हतं."

विलायतेतही आपली माय आहे म्हटल्यावर मांडवात कुजबुज झाली, आणि ती अभिमानाची होती. मागून एक म्हातारी म्हणाली, "मंग बराबर हाये ना! एवढे लेकरं वागवते तं सैपाक नाही करन का?" बायका हसल्या. ताण सैल झाला. भटजींनी मान डोलावली. अनुपमाला वाटलं, सुटलो.

पण ज्याला थांबायचं कळतं तो कुलदीप कसला! त्यानं माइक हातात घेतला. "अजून एक सांगाचं राह्यलं. मायच्या फोटोखाली इंग्रजीत स्तोत्र बी लिहेल हाये. मी बी अजून आयकलं नाही, म्हनलं सगळ्यायच्या संगं आयकू. फोन मराठीत वाचून दाखवते."

"कुलदीपभाऊ, थांबा!" अनुपमा ओरडली आणि बायकांच्या गर्दीतून वाट काढत धावली. बायकांना वाटलं तिला हळदीकुंकवाची घाई झाली. कुलदीपनं फोन माइकला लावला होता.

फोनमधल्या बाईचा स्वच्छ, थंड आवाज साऱ्या भोंग्यांतून घुमला. "दुष्ट म्हातारी हट्टी मुलांना पकडते. ती त्यांना टोपलीत टाकते. ती पाणी उकळते. ती मुलांना पातेल्यात टाकते. ती त्यांना खाते. ती हाडेसुद्धा ठेवत नाही."

कुलदीपचा हात हवेतच राहिला. गावात कोणी हललं नाही. ट्रकचा ड्रायव्हर पायरीवर चहा पीत होता, तोसुद्धा कप धरून तसाच थांबला. मग एका ओल्या बाळंतिणीनं मांडीवरचं बाळ पदराखाली झाकलं आणि किंचाळून उठली, आणि सगळा मांडवच उठला.

"आमी हिले लेकरं दाखोले?" "इंद्रभाननं फसोलं!" "फोडा ते!" एकानं पहार उचलली. भाऊराव दोन्ही हात पसरून मूर्तीपुढं उभे राहिले. त्यांच्या बापानं आणलेली माय होती ती. एरवी भरसभेत कोणाला न दबणारा माणूस लहान पोरासारखा इकडे तिकडे बघत होता.

उठली नव्हती ती एकटी तानाबाई. छकुली तिच्या मांडीवरून उतरून आईकडे पळाली होती. तानाबाईचे हात मांडीवर तसेच उघडे पडले होते आणि ती टोपलीतल्या त्या चौथ्या लेकराकडे बघत होती. अनुपमा तिच्यापाशी गुडघ्यावर बसली.

"आई. आई, इकडे बघा."

"तुले मालूम व्हतं?" तानाबाईनं विचारलं. नजर मूर्तीवरून हलली नाही. "त्या दिवशी साप पाह्यल्यावानी झालती. तुले मालूम व्हतं."

"हो, आई."

"माह्या बबनले खाल्लं का वं तिनं?"

अनुपमानं आयुष्यात कोणाच्या तोंडून असा प्रश्न ऐकला नव्हता. तिला तिथून उठून पळावंसं वाटलं. सासूच्या डोळ्यांत बघवेना म्हणून तिनं मान वर केली आणि सासू जिथं बघत होती तिथं पाहिलं, टोपलीकडे.

जयपूरच्या कारागिरानं डोकं चालवलं नव्हतं, जे दिसलं ते कोरलं होतं. प्रतीवरून प्रत काढताना पुसट झालेलं सगळं दगडात लख्ख उतरलं होतं. मोठ्या पोरीच्या हातात खुळखुळा नव्हता. तिच्या खालच्या दोघांच्या हातातही नव्हता. लांब दांड्याचे, खोलगट, लाकडी चमचे होते ते. आणि लेकरं म्हातारीला भिऊन मागे सरकत नव्हती. मोठी पोर तर टोपलीतून अर्धी बाहेर वाकून, पातेल्यात काय शिजतंय ते बघत होती. चार लेकरं होती. चार.

चित्रकलेची बाई ती. पण लॅपटॉपवर तिनं कविता वाचली होती आणि चित्र तसंच सोडलं होतं. अनुपमाच्या अंगावर काटा आला, पण आता तो भीतीचा नव्हता.

ती उठली. कुलदीपच्या हातून तिनं माइक घेतला, तेव्हा पहार ओट्यापर्यंत आली होती.

"थांबा! मायले हात लावू नका. आधी लेकरांच्या हातात काय आहे ते पाहा!" तिचा आवाज भोंग्यातून फाटला. "फोननं वाचलं ते खरं आहे. पण ते लिहिणारा बुवा वेगळा आणि चित्र काढणारी बाई वेगळी. ती बारा वर्षांची होती तेव्हा तिचे चार लहान भाऊबहीण तापानं गेले. डॉक्टरनं खाणं तोडलं होतं. चौघं खायला मागत मागत गेले आणि हिनं ते डोळ्यांनी पाहिलं. मोठी झाल्यावर तिला सांगितलं, लेकरं खाणारी म्हातारी काढ. तिनं म्हातारी काढली, टोपली काढली, पातेलंही काढलं. आणि टोपलीत ते चौघं बसवले, आणि त्यांच्या हातात चमचे दिले. खाणारे ते आहेत. त्यांच्यासाठी शिजतंय हे. बुवानं सांगितलं, बदल. तिनं बदललं नाही. त्यापायी तिचं काम गेलं, नाव गेलं, उपाशी राहायची वेळ आली, तरी तिनं त्या लेकरांच्या हातचे चमचे काढले नाहीत."

पहारवाला मूर्तीजवळ गेला. त्यानं बोटानं एकेक हात चाचपून पाहिला, जणू डोळ्यांवर भरवसा नव्हता. "चमचेच हायेत बे," तो मागं वळून म्हणाला, आणि पहार खाली ठेवली. मघाची ती म्हातारी कोणाला तरी म्हणाली, "मी म्हनलं नवतं का, सैपाक हाये म्हनून?"

भाऊराव मटकन ओट्यावर बसले आणि उपरण्यानं डोळे पुसायला लागले. लोक पुढं पुढं येऊन लेकरांचे हात बघत होते. वाचलो, असं अनुपमाच्या मनात आलं न आलं, तोच तानाबाई उठून तिच्यासमोर आली.

"चौघं त्या बाईचे भाऊबहीण हायेत म्हनतं ना?"

"हो, आई."

"तो काठ चावनारा बी?"

गावाची माय वाचवता वाचवता आपण काय केलं, ते अनुपमाला आत्ता कळलं. तिनं हडळीच्या तोंडातून बबन काढला होता आणि टोपलीतूनही काढला होता. खोटं बोलावं, असं तिला फार वाटलं. पण समोर तानाबाई होती, आणि तानाबाईला खोटं पचत नसे.

"हो," ती म्हणाली. "तो पण तिचाच भाऊ."

तानाबाईनं मान हलवली. ती वळली आणि मांडवातून निघून घराच्या वाटेला लागली. ज्ञानेश्वर मागं धावणार होता, तिनं हातानंच त्याला थांबवलं. नव्या लुगड्याचा घोळ एका हातात धरून म्हातारी ताडताड चालत गेली. अनुपमा ओट्याला टेकून रडायला लागली. कोणी तिच्या जवळ आलं नाही.

भटजींनी दोनदा मुहूर्ताची आठवण केली. भाऊराव म्हणाले, "ते येऊ द्या. तिच्याबिगर नाही."

तानाबाई आली ती मुठीत काहीतरी घट्ट धरून. मूर्तीपाशी जाऊन तिनं मूठ उघडली. काळं पडलेलं पितळी बोंडलं होतं, तान्ह्या लेकरांना दूध पाजायची चोचीची वाटी. ज्ञानेश्वरनं ते जन्मात पाहिलं नव्हतं. धान्याच्या कोठीत, तळाशी, तिनं ते सगळ्यांपासून लपवून ठेवलेलं होतं.

पदरानं तिनं ते घासून पुसलं आणि पातेल्याच्या कडेला, चुलीच्या दगडावर ठेवलं. मग मायच्या लांब नाकाच्या, वाकलेल्या तोंडाकडे बघत ती शेजारणीशी बोलावं तशी बोलली.

"चौघं तुहे हायेत तं असू दे, माय. टोपली मोठी हाये. हा पाचवा, माहा. बबन नाव हाये. त्याले चमचा धरता येत नाही, अकराच महिन्याचा हाये. त्याले बोंडल्यानं पाजजो." ती थांबली. "हगवन लागली तं सगळे म्हने पानी देऊ नका, अजून लागन. मी देल्लं नाही. माठाकडे हात करू करू गेला तो. तवा मायबाई, जेवन मंग दे. आधी पानी पाज त्याले."

ज्ञानेश्वर आईकडे असा बघत होता, जणू तिला पहिल्यांदाच बघतोय.

तानाबाईनं मूर्तीवरची नजर न काढता एक हात मागं केला. अनुपमानं डोळे पुसले आणि पूजेतला पाण्याचा तांब्या उचलून तिच्या हातात दिला.